दोह्यात साडूची पिकअप

लोक कतारला जाऊन आले की उंच इमारतींचे, वाळवंटातल्या सूर्यास्ताचे आणि उंटाशेजारी उभ्या केलेल्या बायकोचे फोटो दाखवतात. माझ्या फोनमध्ये चार जुन्या पिकअप गाड्यांच्या पोटाखालचे फोटो आहेत. बायकोचा एकच आहे आणि त्यात ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही. असं का, ते पुढे येईलच.

मी चौतीस वर्षं सरकारी लाल गाड्यांच्या डेपोत काढली, शेवटची नऊ वर्कशॉपचा फोरमन म्हणून. गाडी फाटकातून आत आली की मी पाठमोरा बसून सांगायचो, कुठलं नोझल गळतंय ते. ही बढाई नाही. म्हणजे थोडी आहे, पण खोटी नाही. रिटायर झाल्यावर हा कान कुणाच्याच उपयोगाचा उरला नाही. घरात मिक्सर लागला तरी मी बेअरिंगबद्दल बोलायला उठतो आणि बायको, म्हणजे शैला, म्हणते, "चटणी वाटू द्या."

अशा बेकार कानाला दोह्याहून तिकीट आलं, सोबत शैलालाही.

निघण्याआधी, कराड

तिकीट पाठवणारे सुधाकरराव माझे साडू. शैलाची थोरली बहीण मंदाताई, तिचे यजमान. एकतीस वर्षं दोह्यात, एका बांधकाम कंपनीच्या खरेदी विभागात. कंपनीसाठी खिळ्यापासून क्रेनपर्यंत सगळं विकत घेतलेला हा माणूस घरची कोथिंबीरही तीन ठिकाणचे भाव काढल्याशिवाय आणत नाही. आता साठी झाली, नोकरी संपत आली. नोकरी संपली की तिथे राहायचं कारण संपतं. पण मुलगा केतन तिथेच नोकरीला, त्यामुळे त्याच्या नावावर 'डिपेंडंट' म्हणून राहायची सोय होती. शब्द सुधाकररावांना बोचत होता, सोय आवडत होती.

त्यात ऑफिसातला एक इंग्रज मायदेशी परतला आणि जाताना आपली जुनी कॅरव्हान ह्यांच्या गळ्यात मारून गेला. कॅरव्हान म्हणजे चाकांवरची खोली: दोन पलंग, एक ओटा, एक दुमडतं टेबल. तिला स्वतःचं इंजिन नसतं, ती दुसऱ्या गाडीने ओढावी लागते. निवृत्तीनंतर ही खोली ओढत कतारचे सगळे समुद्रकिनारे पालथे घालायचे आणि मंदाताईंनी त्या ओट्यावर पोहे करायचे, असा बेत ठरला. बेत ठरताना मंदाताई दळण निवडत होत्या.

"दिनकरराव," सुधाकरराव फोनवर म्हणाले, "सेकंडहँड डिझेल पिकअप घ्यायची आहे, टोइंगसाठी. माझं कमर्शियल तयार आहे. टेक्निकल इव्हॅल्युएशन तुम्ही करा. तुम्ही ओके म्हणालात की मी डोळे मिटून सही करतो."

त्याच संध्याकाळी मंदाताईंचा शैलाला फोन आला. तो दीड तास चालला. फोन ठेवून शैला बॅग काढायला गेली आणि तिथूनच मला आज्ञा झाली.

"तिथं गेलो की तुम्ही एकच काम करायचं. मोठे दाजी जी गाडी दाखवतील ती खराब म्हणायची."

"न बघताच?"

"बघा की. बघून खराब म्हणा."

हिशेब सोपा होता. गाडी मिळाली नाही तर कॅरव्हान हलणार नाही. कॅरव्हान हलली नाही तर सुधाकररावांना तिथे करायला काही उरणार नाही, आणि मंदाताई एप्रिलमध्ये कराडला आपल्या फ्लॅटवर परत येतील. तो फ्लॅट आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून आहे. दर रविवारी शैला जाऊन खिडक्या उघडते आणि संध्याकाळी लावून येते. गाडी मिळाली, तर मंदाताईंनी उरलेलं आयुष्य वाळूत पोहे करायचे.

"मग मंदाताई त्यांना सरळ का सांगत नाहीत, की मला परत जायचंय म्हणून?"

शैलाने साडीची घडी थांबवली. "असं सांगतात होय?" ती म्हणाली.

म्हणजे नवऱ्याने मला विमानाने बोलावलं होतं गाडी निवडायला आणि बायकोने त्याच विमानाने बोलावलं होतं गाडी मोडीत काढायला. माणूस एक, मालक दोन. डेपोतही माझी नोकरी अशीच होती, त्यामुळे फारसं जड गेलं नाही.

अल रय्यान

अल रय्यानमध्ये एका मोठ्या व्हिलाचे पाच तुकडे करून पाच कुटुंबं राहतात, त्यातल्या एका तुकड्यात आमचे नातेवाईक. जानेवारी होता, हवा महाबळेश्वरसारखी. मंदाताईंच्या फ्रीजमध्ये अख्खं कराड गोठवून ठेवलेलं. पहिल्याच दुपारी हामूर नावाचा तिथला मासा कांदा-लसूण मसाल्यात तळून समोर आला. सकाळी खबूस, म्हणजे तिथली भट्टीतली रोटी, आणि तिच्यावर खर्डा. माणूस कुठेही गेला तरी जीभ पासपोर्ट काढत नाही, हे मला मान्य आहे. पण एकतीस वर्षांत सुधाकररावांनी अरबी किती उचलली म्हणाल, तर यल्ला म्हणजे चला, खलास म्हणजे संपलं, शुक्रन म्हणजे आभार आणि इन्शाल्ला म्हणजे देवाची मर्जी. ह्या चार शब्दांवर त्यांनी तीन दशकं आणि एक पगारवाढ काढली.

जेवण झाल्यावर त्यांनी मला एक कागद दिला. कम्पॅरिझन शीट. गाड्यांचे नंबर, वर्ष, रनिंग, ओढायची ताकद, मालक कोण, आणि शेवटचा रकाना: 'रिमार्क्स, दिनकरराव'.

"चार शॉर्टलिस्ट केल्यात," ते म्हणाले. "तीन कोटेशन मिनिमम लागतात."

"कुणाला लागतात?"

"सिस्टीमला."

"आणि समुद्रावर मुक्काम टाकायला परवाना लागत असेल ना?"

"बघू. इन्शाल्ला."

मंदाताई ताक घेऊन आल्या. पेला माझ्या हातात देताना त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मला शैलाचा आवाज ऐकू आला, जरी ती तेव्हा आतल्या खोलीत झोपली होती.

दुसऱ्या दिवशी सुधाकररावांनी आम्हाला मुशैरिब नावाचा भाग दाखवला, जुन्या दोह्याच्या मधोमध नवीन बांधलेला. सावलीच्या गल्ल्या इतक्या स्वच्छ, की मला शिंक आली तर कुठे द्यावी ते कळेना. तिथे एक फुकट ट्राम फिरते. आपण बसायचं, ती गारेगार वळणं घेत फिरते आणि जिथून निघालो तिथेच आणून सोडते. सुधाकरराव लागोपाठ दोन फेऱ्या मारत बसले. निवृत्ती काय असते ते मी कराडात दोन वर्षं शोधत होतो. ते तिथे असं रुळावर मिळालं.

पहिल्या तीन गाड्या

गाड्या बघायला जाण्याआधी आमचा एक करार झाला. दोह्यात मराठी घराच्या आत बोलतात. दाराबाहेर पडलं की हिंदी किंवा इंग्रजी. त्यामुळे मालकासमोर मी गाडीची निंदा खुशाल मोठ्याने मराठीत करायची आणि चेहरा हसरा ठेवायचा, असं ठरलं. कराडात ही सोय नाही. तिथे गाडीत खोट दिसली तर आधी चहा पिऊन, मग गल्लीच्या टोकाला जाऊन कुजबुजावं लागतं.

पहिली गाडी एका लेबनीज गृहस्थांची. "ओन्ली माय वाइफ ड्राइव्ह," ते म्हणाले. आपल्याकडे जुनी गाडी नेहमी डॉक्टरची असते, तिकडे बायकोची. मागच्या हौद्यात सिमेंट सुकून घट्ट झालं होतं. असेल, बाईंना बांधकामाची आवड असेल. मी बोनेटवर तळहात ठेवला. सकाळचे आठ वाजले होते आणि बोनेट चपातीच्या तव्याइतकं गरम.

"इंजिन पहाटेपासून तापवून ठेवलंय," मी हसत हसत म्हणालो. "थंडीत उठत नाही हे. दात दाखवा आणि चला."

"शुक्रन, शुक्रन!" सुधाकरराव दात दाखवत म्हणाले.

दुसरी गाडी वरून नवरीसारखी होती. मी खाली झोपलो, मागे जिथे ओढायचा हूक बसवतात तिथल्या चासीला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो आत गेला. ह्या गाडीने आयुष्यभर बोट ओढली होती. बोट पाण्यात सोडायला मागची चाकं समुद्रात उतरवावी लागतात, आणि मिठाने चासी फरसाणासारखी केली होती. "कॅरव्हान लावलीत तर कॅरव्हान जागेवर राहील आणि हूक घेऊन तुम्ही पुढे जाल," मी सांगितलं.

तिसरी एका दलालाकडची. ही सुधाकररावांना फार आवडली, कारण तिला पुढे चार जादा दिवे होते. दक्षिणेला समुद्राकाठच्या वाळूत ती चालवून बघायचा त्यांनी हट्ट धरला. रस्ता सोडून दोन मिनिटं झाली असतील, गाडी पोटापर्यंत वाळूत बसली आणि क्लच जळल्याचा वास सुटला. तो वास मला डेपोतल्या कित्येक घाटांची आठवण देऊन गेला. अर्ध्या तासाने पांढऱ्याशुभ्र झग्यातला एक तरुण कतारी आपल्या अवाढव्य गाडीतून आला, त्याने आमच्या टायरांतली हवा कमी केली, दोर बांधला आणि एका हिसक्यात आम्हाला बाहेर काढलं. ओढण्यासाठी घ्यायची गाडी आम्ही अशी ओढून आणली.

मग त्याने आम्हाला खजूर दिले आणि छोट्या कपात वेलदोड्याची कॉफी. कप रिकामा झाला की तो परत भरायचा. नाही कसं म्हणायचं, म्हणून मी पीत राहिलो. आठव्या कपाला सुधाकररावांनी मला सांगितलं की पुरे असेल तर कप जरा हलवायचा असतो. एकतीस वर्षांच्या अनुभवाचा हा एवढा फायदा, तोही आठ कपांनी उशिरा. त्या मुलाने विचारलं की ही गाडी कशासाठी? सुधाकररावांनी निवृत्ती, कॅरव्हान, समुद्र सगळं सांगितलं. तो मनापासून ऐकून म्हणाला, "अंकल, बाय पेट्रोल." ते त्याच्या त्या अवाढव्य गाडीचं नाव होतं, हे मला नंतर कळलं.

तिन्ही वेळा घरी येऊन मी नकार सांगितला आणि तिन्ही वेळा तो खरा होता. खोटं बोलायची वेळच आली नव्हती. मंदाताई माझ्या पानात दर नकाराला हामूरचा एक तुकडा वाढवत होत्या. "दाजींना कळतं हो," त्या म्हणायच्या. सुधाकरराव कागदावर काट मारायचे आणि जेमतेम जेवायचे. त्यांचं वजन कमी होत होतं की काय, असं मला उगाच वाटायला लागलं. उरली होती एक गाडी.

बिरकत अल अवामेर

चौथी गाडी शुक्रवारी बघायची होती, दोह्याच्या दक्षिणेला बिरकत अल अवामेरमध्ये. मुशैरिबपासून गाडीने फार लांब नाही, पण ट्राम तिथे येत नाही. कामगारांच्या राहण्याच्या एकसारख्या इमारती, एकामागे एक. प्रत्येक कठड्यावर वाळत घातलेले कपडे. सुट्टीचा दिवस, म्हणून सावली मिळेल तिथे माणसं फोन समोर धरून बसलेली, आणि फोनमध्ये कुणाची ना कुणाची बायको.

सुधाकररावांनी गाडीचा वेग कमी केला. "इथे मी हजारो गाद्या पाठवल्यात," ते म्हणाले. "बंक बेड, वॉटर कूलर, सगळं माझ्या अप्रूव्हलने."

"मग बघायला कधी आला होता?"

"नाही. डिलिव्हरी नोट यायची ना."

आम्हाला हवी असलेली पिकअप एका छोट्या कंत्राटदाराची होती. तो धंदा आवरत होता. किल्ली त्याच्या ड्रायव्हरकडे. डोक्याला पंचा गुंडाळलेला पन्नाशीचा सडसडीत माणूस. सुधाकररावांनी हिंदीत विचारलं, त्याने हिंदीत उत्तर दिलं. "हाथ लगा के देखो साब. ठंडा है. सुबह से चाबी नहीं लगाया."

मी हात लावला. बर्फासारखं थंड. त्याने किल्ली फिरवली आणि इंजिन अर्ध्या वेढ्यात उठलं.

इतकी वर्षं झाली, पण असं इंजिन मी क्वचित ऐकलं आहे. धूर नाही, कुरकुर नाही, एका लयीत चाललेलं. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढलं, वर वाफेचा भपकारा नाही. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा थेंब नाही. खाली झोपलो तर मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना एक जादा पाटा घातलेला, चासी गोड्या पाण्याने धुऊन तेल फिरवलेली. रबरी पायपांच्या प्रत्येक क्लिपचं टोक वाकवून आत दडवलेलं, म्हणजे हात घालताना कापू नये. हे उघड्या हातांनी काम करणाऱ्यालाच सुचतं. मागच्या हुकाच्या गोळ्यावर वाळू चिकटू नये म्हणून जुना मोजा चढवला होता. तो मोजा बघून मला भरून आलं. हसू नका. कुणाला देवळात भरून येतं.

सुधाकरराव समोरच्या टपरीवर कडक चहा आणायला गेले. मी शैलाला फोन लावला. ड्रायव्हर दोन हातांवर काच पुसत होता, पण मराठी बोलायला मला कसली भीती?

"शैला, पंचाईत झाली. गाडी हिरा आहे हिरा. मी कराडला असतो तर स्वतः घेतली असती."

पलीकडे फोन मंदाताईंनी घेतला. "दाजी," त्या म्हणाल्या. एवढंच.

"काळजी करू नका. इंजिनाचं हेड गॅस्केट गेलंय म्हणून सांगतो. त्यांना काय कळतंय?"

सुधाकरराव तीन पेले सांभाळत आले, एक ड्रायव्हरचा. डोळ्यांत अशी आशा, की मी नजर बोनेटवरच ठेवली. चौतीस वर्षांत मी खराब गाडी चांगली म्हणून कधी सोडली नव्हती. चांगली गाडी खराब म्हणून अडवायचीही वेळ आली नव्हती.

"सुधाकरराव, हेड गॅस्केट गेलंय. हिच्या नादी लागू नका."

त्यांनी हळूच पेले बोनेटवर ठेवले. खिशातून तो कागद काढला. आणि काच पुसणारा हात थांबला.

"कुठं गेलंय?" ड्रायव्हर म्हणाला. मराठीत.

आम्ही दोघं एकदम त्याच्याकडे वळलो.

"मास्तर, गॅस्केट कुठं गेलंय ते दाखवा की मला. आठ वरसं ह्या इंजिनाला दुसऱ्या कुनाचा हात लागू दिला न्हाई. मगाशी फोनवर हिरा म्हनलात. ऐकायलो होतो मी. लई बरं वाटलं बगा. आन मग खोटं सांगतो म्हनलात."

"तुम्ही... मराठी?" सुधाकररावांनी विचारलं.

"औशाचा हाय, लातूरकडचा. हणमंत नाव माझं. आयटीआय करून एक वरीस डेपोत अप्रेंटिस होतो."

"मग हिंदीत का बोलत होता?"

"तुम्हीच हिंदीत सुरू केलात साहेब. हितं आपली ऑफिसातली मानसं आमच्यासंगं हिंदीतच बोलतात. मीबी सोडून दिलं." तो माझ्याकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला आणखीच लाज वाटली. "तुमास्नी नको असंल तर नको म्हना. रंग आवडला न्हाई म्हना, महाग हाय म्हना. माझ्या कामाला नावं ठेवू नका. आठ वरसं हितं काय केलं म्हनून कुनी इचारलं, तर दाखवायला माझ्याकडं एवढं एकच इंजिन हाय."

मी आयुष्यात साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, प्रवाशांच्या खाल्ल्या, युनियनच्याही खाल्ल्या. कधी मान खाली गेली नाही. त्या दिवशी गेली. ज्या माणसाचं काम बघून माझे डोळे ओले झाले होते, त्याच्याच कामावर मी थुंकलो होतो, आणि ते कशासाठी, तर हामूरच्या तुकड्यासाठी आणि घरातल्या शांततेसाठी.

"हणमंतराव, चुकलं माझं," मी म्हणालो. "सुधाकरराव, मी खोटं बोललो. गाडीत काही दोष नाही. ह्याहून चांगली तुम्हाला मिळणार नाही."

सुधाकरराव कागदाची घडी घालत होते, उलगडत होते. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"शैलाने."

"तिला?"

मंदाताईंचं नाव घ्यायची गरजच नव्हती. त्यांनी चहाचा पेला उचलून हणमंतरावांच्या हातात दिला आणि मराठीतच म्हणाले, "घ्या. निवला असेल."

ओट्यापर्यंत

घरी आलो तेव्हा मंदाताई ओट्यापाशी कणीक मळत होत्या आणि शैला शेजारी उभी राहून माझा चेहरा वाचत होती. तो तिने एका नजरेत वाचला.

सुधाकरराव हॉलमध्ये सोफ्यावर बसले. तिथूनच म्हणाले, "मंदा, तुला गाडी नको होती?"

"मला कुणी विचारलं?"

"अगं, पण सांगायचं तरी!"

मंदाताई कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. ह्या बाईंनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता आणि त्या दिवशीही त्यांनी तो चढवला नाही. "इंजिनाला काय होतंय ते ऐकायला तुम्ही कराडहून माणूस आणलात, विमानाचं तिकीट काढून. मला काय होतंय ते ऐकायला किती लांब यायचं होतं? त्या सोफ्यापासून ह्या ओट्यापर्यंत अकरा पावलं आहेत. मी रोज झाडू मारते, मला माहीत आहे."

तीच अकरा पावलं ओट्यापासून सोफ्यापर्यंतही होती, हे सांगायचा मोह मला झाला. शैलाने माझ्याकडे बघितलं आणि तो गेला.

"मग आता विचारतो," सुधाकरराव म्हणाले. "तुला परत जायचंय?"

"हो."

"मला नाही जायचं." हे ते इतक्या हळू बोलले की आम्हाला कळायला वेळ लागला. "कराडात मला कोण ओळखतं, मंदा? तिथे मी 'दोहावाले'. चार दिवस अत्तर-चॉकलेटं वाटायची आणि मग गल्लीत पत्ता विचारत फिरायचं. इथे निदान मला रस्ते माहीत आहेत. आणि इथे तरी मी काय असणार आता? पोराचा डिपेंडंट. एक वस्तू माझ्या नावावर हवी होती. एक."

मंदाताईंनी हातावरची सुकलेली कणीक खरडली. "मग घ्या," त्या म्हणाल्या. "मी जाते, तुम्ही राहा. कुणी कुणाला ओढायला नको."

आम्ही दोघं त्या वेळी तिथे असायला नको होतो. पण गॅलरी नव्हती, आणि आतल्या खोलीत जायचं तर त्या दोघांच्या मधूनच जावं लागलं असतं. म्हणून मी बसून कम्पॅरिझन शीट वाचत राहिलो. माझा रकाना चौथ्या गाडीपुढे कोरा होता. मी पेन काढून लिहिलं: 'उत्तम'.

परत

गाडी सुधाकररावांनी घेतली. तीन कोटेशनं मागितली नाहीत, सही डोळे उघडे ठेवून केली. इस्तिमारा, म्हणजे तिथलं गाडीच्या मालकीचं कार्ड, हातात आलं तेव्हा मालकाच्या जागी स्वतःचं नाव त्यांनी तीनदा वाचून दाखवलं, दोनदा आम्हाला आणि एकदा हणमंतरावांना. कॅरव्हान जोडायला हणमंतराव स्वतः आले. हुकावरचा मोजा काढून त्यांनी नीट घडी करून सुधाकररावांच्या खिशात ठेवला आणि सांगितलं, "काम झालं की परत घालायचा. इसरू नका."

आम्ही दोन तिकिटांवर गेलो होतो, तीन तिकिटांवर परत आलो. दोह्याच्या विमानतळावर मी शैलाचा फोटो काढला, तोच तो. तिचं म्हणणं असं, की बहीण घरी आणायला सांगितली होती, जोडपं तोडायला नव्हे. माझं म्हणणं असं, की मी शेवटी खरं तेवढंच बोललो. ती म्हणाली, "कधी नव्हे ते." विमान मुंबईला उतरेपर्यंत माझ्या वाट्याला एवढे तीनच शब्द आले.

आता मंदाताई दोन गल्ल्या सोडून राहतात. खिडक्या त्या स्वतःच उघडतात. सकाळचा चहा शैलाबरोबर आमच्याकडे घेतात आणि त्याच वेळी दोह्याहून फोन येतो. सुधाकरराव शुक्रवारी हणमंतरावांना बरोबर घेऊन किनाऱ्यावर जातात, कॅरव्हानच्या ओट्यावर पोहे करतात आणि ते चिकट होतात. ही माहिती आम्हाला हणमंतरावांकडून मिळते, कारण सुधाकरराव स्वतः काहीच सांगत नाहीत. कशी आहेस, बरी आहे, जेवलात का, जेवलो, एवढं झालं की ते म्हणतात, "थांब, ऐकवतो," आणि फोन बोनेटखाली धरतात. मंदाताई फोन स्पीकरवर टाकतात. आम्ही तिघं चहा घेत एक परदेशी इंजिन ऐकतो.

"कसं चाललंय, दाजी?" मंदाताई मला विचारतात.

"छान चाललंय," मी म्हणतो. इंजिनाबद्दल ते खरंच आहे.

हे दोन महिने चाललं. गेल्या मंगळवारीही त्यांनी तसाच फोन धरला. मंदाताईंनी कप खाली ठेवला, स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि म्हणाल्या, "ऐकलं मी. आता इंजिन बंद करा आणि बोला."

तिकडे इंजिन थांबलं, ते मला मंदाताईंच्या कानाला लावलेल्या फोनमधूनही कळलं. मी चपला पायात सरकवल्या आणि शैलाला खूण करून बाहेर पडलो. पुढे जे ऐकू येणार होतं, त्यातलं मला काही कळत नाही.